खिरीच्या पुडात मोगऱ्याची पानं

दिवाळी अंकाच्या संपादिका घरी आल्या तेव्हा मी लसूण सोलत बसले होते. म्हणाल्या, "काकू, त्या काळात बाईनं धंदा करायचा म्हणजे केवढं धाडस! तुमच्या यशाबद्दल लिहा." मी म्हटलं, "बाई, मी बाळंतिणींचे डबे केले. त्याला धंदा म्हणा, धाडस म्हणा, काय वाटेल ते म्हणा. यशाचं मात्र माझ्याकडं काही मागू नका." त्यांना वाटलं मी विनय करतेय. विनय माझ्या अंगात नाही, मंगळवार पेठेत कुणालाही विचारा. माझा आवाज वाढला की शेजारची मांजरं उठून जायची.

पण लिहायला बसले तर हात एकाच घराशी जाऊन थांबतो. बाकीचं सगळं त्याच्या अलीकडचं नाहीतर पलीकडचं.

आधी माझं काम काय ते सांगते. हल्लीच्या पोरींना ते ठाऊक असायचं कारण नाही. बाई पहिलटकरीण असली की माहेरी जायची, आई करायची. पण कोल्हापुरात बदलीवर आलेली माणसं असायची. मास्तर, बँकेतले, पोस्टातले. कुणाची आई गेलेली, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. अशा घरात बाळंतिणीला कोण करून घालणार? नवऱ्याला चहा करता येत नाही, तो बाजरीची भाकरी कुठनं थापणार! तिथं माझा डबा जायचा. सकाळ-संध्याकाळ, सव्वा महिना.

डबा चार पुडांचा. खालच्या पुडात मऊ भात, तूप आणि मुगाचं वरण. त्याच्यावर भाजी, शेपूची नाहीतर मेथीची, लसणाची फोडणी देऊन. त्याच्यावर भाकरी आणि डिंकाचा लाडू. सगळ्यात वरचा पूड खिरीचा. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, गुळात शिजवायचे, दूध घालायचं. ही खीर दुधासाठी, म्हणजे बाईला दूध यावं म्हणून. बाकीचा डबा थोडा इकडं-तिकडं झाला तर चालेल, पण वरचा पूड चुकवायचा नाही, असा माझा नियम. बाराव्या दिवसानंतर ज्या घरी चालतं तिथं मटणाचा अळणी रस्साही जायचा. त्या डब्यांच्या कडीला मी तांबडा दोरा बांधत असे, म्हणजे भलत्या घरी भलतं जायला नको.

डबे पोचवायला बंडा पैलवान होता. कान मोडलेले, मान बैलाची, गुडघा दुखावल्यानं कुस्ती सुटलेली. सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लटकवून निघाला की तालमीतले दोस्त ओरडायचे, "काय बंडा, कधी बाळंत झालास?" हा गडी हूं की चूं करायचा नाही. वाटेत डबा भुईला टेकवायचा नाही, मयत दिसली तर गल्ली बदलायची, चहाला थांबायचं नाही, हे मी एकदा सांगितलं ते त्यानं शेवटपर्यंत पाळलं. डब्यावर कडुलिंबाची डहाळी खोचायचाही तोच. म्हणायचा, "वैनी, लोकांची नजर लई वाईट."

आणि एक रीत होती. ती मी सांगितलेली नव्हे, सगळ्यांच्या घरातलीच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. भरलेला डबा ठेवून बंडा आदला डबा परत आणायचा, तेव्हा त्यात काहीतरी असायचंच. चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, कधी खडीसाखर. डबा उघडला की मला त्या घरचं कळायचं. बाई जेवते की नाही, घरात कोण आलंय, कुणाचं बिनसलंय.

गमतीची गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. एक बँकेतले साहेब होते, बायकोचे लाडू स्वतःच खायचे. बायको वाळत चाललेली आणि हे गृहस्थ दिवसेंदिवस तुकतुकीत! एकदा मीच डब्याबरोबर गेले. दार त्यांनीच उघडलं, मिशीला डिंक चिकटलेला. मी म्हटलं, "साहेब, तुमचं दूध येतंय का नीट?" त्या दिवसापासून लाडू जिच्या तिच्या तोंडी जाऊ लागले. असं हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला ते आता लिहावंसं वाटत नाही, कारण हसता हसता मी राजारामपुरीत जाऊन पोचते.

राजारामपुरीत एक मास्तर राहत, साताऱ्याकडून बदलून आलेले. बायको सुनंदा. दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा पोट पडलं होतं. हे तिसरं. तिची आई लहानपणीच वारलेली, म्हणून मास्तरांची थोरली बहीण गावाकडून आली होती. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांचे पाय सुजायचे, चुलीपाशी बसवायचं नाही. त्यांनीच मला बोलावून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "काकू, हे तिसरं मूल हाय. हे ऱ्हायलं पायजे. तुम्ही तिच्या खाण्याचं बघा, बाकी मी बघती."

मुलगा झाला. नाजूक, मांजराच्या पिल्लाएवढा. आणि सुनंदाला दूध येईना. बाळ ओढून ओढून थकायचं आणि रडायचंसुद्धा नाही, नुसतं तोंड वाकडं करायचं. वरचं दूध चमच्यानं घातलं तर अर्धं बाहेर यायचं. डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधावर आलं तर बाळ अंग धरेल.

आता हे माझं काम झालं. मी दुसरं काही करूच शकत नव्हते, पण एवढं येत होतं. खिरीत अळीव दुप्पट केले, खसखस वाटून घातली, शतावरीचं चूर्ण पाठवलं, बाजरीच्या भाकरीबरोबर लसूण तुपात तळून दिला. साखर रेशनवर, गूळ महाग, तरी तिच्या पुडात हात आखडला नाही. रोज बंडाला विचारायची, "काय म्हणाल्या?" तो मान हलवायचा. तालमीत हरलेल्या गड्यासारखं तोंड करून माझ्या दारात उभा राहायचा तो राक्षस.

मग एका सकाळी सायकलची घंटा गल्लीच्या तोंडापासूनच वाजायला लागली. बंडा ओरडत आला, "वैनी! आलं! दूध आलं! आक्का म्हणल्या, पदर भिजला!" सगळी गल्ली बाहेर आली. कुणाचं दूध, कुठलं दूध, कुणाला काही कळेना. मी त्याला तिथंच एक लाडू दिला आणि देवापुढं दिवा लावला. त्या दिवशीच्या डब्यात साखरेबरोबर एक पेढा होता. खोटं कशाला बोलू, मला फार गर्व झाला. वाटलं, हे माझं. हे मी केलं.

बाळ अंग धरू लागलं. आक्कांनी बारशाची तयारी काढली, शेजारणीकडून पाळणा मागून आणला. नाव ठरलंय पण सांगायचं नाही, असं सुनंदा बंडालासुद्धा हसून म्हणाली होती.

आणि बारशाच्या आधीच एका सकाळी बंडा परत आला, तो घंटा न वाजवता. डबा माझ्यापुढं ठेवला.

"वैनी, रिकामा हाय."

"रिकामा म्हणजे?"

"साखर न्हाय."

मी उघडून बघितलं. डबा घासलेलाही नव्हता. आदल्या संध्याकाळची खीर कडेला वाळलेली. मी बंडाकडं बघितलं. तो म्हणाला, "आक्कांनी दार उघडलं, भरला डबा घेतला, ह्यो दिला. बोलल्याच न्हाईत. आत लई गप्प होतं."

मी तशीच चपला घालून निघाले. बाळाला रात्री ताप भरला होता. डॉक्टर येऊन गेले, सुई दिली, काही उपयोग झाला नाही. मी पोचले तेव्हा मास्तर त्याला घेऊन गेलेले होते. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात माझा भरलेला डबा तसाच. वरच्या पुडात अळिवाची खीर. मला ती बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं, मला कळायचं कसं? पण त्या घरात, त्या सकाळी, दुधासाठीची खीर माझ्या हातची होती.

सुनंदा आतल्या खोलीत पाळण्यापाशी बसली होती. रडत नव्हती. तिचं लुगडं पुढून भिजलेलं होतं. दूध वाहत होतं. ते थांबेना. इतके दिवस येईना म्हणून आम्ही सगळे हवालदिल, आणि आता ज्याच्यासाठी आणलं तो नाही, तर ते वाहतंय. ती मला म्हणाली, "काकू, बघा ना, किती आलंय."

देवा, तू काय करतोस तुला तरी कळतं का रे! तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

दूध आटवायला मोगऱ्याची पानं ठेचून छातीला बांधतात. जुन्या बायकांना माहीत आहे. माझ्या परड्यात मोगरा होता. दुसऱ्या दिवसापासून मी वरच्या पुडात खिरीऐवजी पानं पाठवू लागले. आक्कांना निरोप दिला, बांधा, नाहीतर गाठी होतील, ताप येईल. मास्तर म्हणाले होते, "काकू, आता डबा कशाला?" मी त्यांच्यावर ओरडले, "मूल गेलं म्हणून ती बाळंतीण नाही का? तिचं हाडन् हाड उघडं आहे!" डबा चालू राहिला.

पण पानं तशीच परत यायची, सुकलेली. आणि आक्कांचा निरोप, "ती बांधून घेत न्हाय. खीर पाठवा म्हणती." मी गेले समजवायला. सुनंदा म्हणाली, "काकू, दोघं आधी गेले ते पोटातूनच. त्यांचं काहीच नव्हतं माझ्याकडं. ह्याचं एवढं तरी आहे. हेही घालवू?" खीर मात्र पाठवली नाही. ती हातानं दूध काढून तुळशीत घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून यायचं.

त्याच सुमाराला कसबा बावड्याच्या एका घरचा डबा माझ्याकडं होता. उसाची शेती, दारात म्हशी, सधन माणसं. त्या घरच्या सुनेला मुलगी झाली आणि बाळंतरोगानं ती दवाखान्यात पडली. डबा दवाखान्यात जायचा, नुसती पेज. तिनं अंगावर पाजायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं. मुलगी बावड्याला आजीपाशी, म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजत होते. तिला ते पचेना, हगवण लागली. तिचा बाप सर्जेराव, उंचापुरा गडी, दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसायचा. एकदा पेज घेऊन मीच गेले तर म्हणाला, "काकी, पोरगी ऱ्हाईल असं दिसत न्हाय."

मला तिथंच सुचलं. तुम्हालाही सुचलं असेल. एका घरात दूध आहे, एका घरात पोर. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जुळवून आणलंय. पण माझे डबे जात होते ना दोन्हीकडं! मला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?

सर्जेरावला सांगितलं. तो माझ्या पाया पडला. "आणतो काकी, उद्याच सकाळी टांग्यानं आणतो." मग राजारामपुरीला गेले. मास्तर आधी घाबरले, मग म्हणाले, "तिला विचारा." मी सुनंदाला विचारलं. तिनं मला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. म्हणाली, "काकू, आज संध्याकाळी खीर पाठवाल?"

पाठवली. अशी खीर मी आयुष्यात केली नाही. अळीव, खसखस, खारीक, बदाम, घरात होतं नव्हतं ते घातलं. बंडा पूड धुऊनच परत घेऊन आला. म्हणाला, "वैनी, पुढ्यात बसून खाल्ली. चाटून पुसून." त्याचे डोळे भरलेले. माझेही.

सकाळी मी राजारामपुरीत जाऊन बसले. सुनंदा न्हाली होती, केस मोकळे सोडून धुपावर वाळवले होते. पाळण्यात धुतलेलं दुपटं. शेगडी पेटवून ठेवलेली, पोराला शेक लागेल म्हणून. आक्का दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत होत्या. टांगा यायचा आणि पुढं निघून जायचा. दुसरा यायचा, तोही जायचा. उन्हं चढली. सुनंदाचा पदर भिजला. ती दोनदा आत जाऊन बदलून आली.

मला राहवेना. बंडाला म्हटलं, चल. त्याच्या सायकलवर मागं बसून मी, चाळिशीची बाई, बावड्याला गेले. रस्त्यातली माणसं हसली असतील, हसू देत.

बावड्याच्या सोप्यात म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. सर्जेराव खांबाला टेकून खाली बघत उभा. मी विचारलं, "आणली नाही?" म्हातारीच बोलली.

"मीच न्हाय म्हणलं. बसा काकी, पाणी घ्या. तुमचा जीव चांगला हाय, तुमच्यावर राग न्हाय. पर जिचं पोरगं पंधरवड्यात मातीत गेलं, तिचं दूध माझ्या नातीला? त्या दुधावर तिचं ते तरी जगलं का?"

"आजी, ते तापानं गेलं. दुधाचा काय संबंध?"

"आदी बी दोन गेलीत म्हणं तिची. समदं कळलंय मला. न्हाय काकी. माझ्या दारात चार म्हशी हायत. मला दुधाची भीक न्हाय मागायची."

मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. सोप्यातली माणसं उठून उभी राहिली. सर्जेरावला म्हटलं, "अरे, बाप ना तू? उचल पोर आणि चल." त्यानं आईकडं बघितलं, मग पायांकडं बघितलं. पोरगी मांडीवर तोंड वाकडं करत होती. तसंच. अगदी तसंच.

ती मुलगी जगली. सांगून टाकते, कारण तुम्ही विचाराल. कुणीतरी शेळी आणली, शेळीचं दूध पचलं. तिची आईही घरी आली. पुढं त्या घरून माझ्याकडं पेढे आले, आणि म्हातारीनं मुद्दाम निरोप दिला, "सांगा काकीस्नी, जगली बघा." चांगलं झालं. पोर जगलं हे चांगलंच झालं. पण मी ते पेढे खाल्ले नाहीत, बंडालाही खाऊ दिले नाहीत.

त्या दिवशी मात्र मला बावड्याहून परत राजारामपुरीत जायचं होतं. वाटेत मी काय सांगायचं ते जुळवत होते. पोरगी बरी आहे, दुसरी सोय झाली, डॉक्टर नको म्हणाले. खोटं बोलायला मी कधी मागं हटले नाही, पण त्या घराच्या पायऱ्या चढताना एकही खोटं नीट जमेना.

सुनंदा दारातच उभी होती. माझे रिकामे हात बघितले, तोंड बघितलं.

"आजी नको म्हणाल्या?"

मी म्हटलं, "म्हातारी आहे, तिला अक्कल नाही."

"बरोबरच आहे त्यांचं," सुनंदा म्हणाली. "मीसुद्धा आई असते तर माझ्यासारखीचं दूध पोराला दिलं नसतं."

"सुनंदा, असलं बोललीस तर थोबाडीत देईन!" मी ओरडले. आणि मग मीच तिच्या गळ्यात पडून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिला धीर द्यायला गेले होते, आणि तीच मला, "असू दे काकू, असू दे," म्हणत होती. आत आक्कांनी शेगडीवर पाणी ओतलं, त्याचा चर्र आवाज आला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं डबे केले. शेगडी गेली, स्टोव्ह आला, गॅस आला. बंडा म्हातारा झाला, सायकल सोडून रिक्षातून डबे नेऊ लागला. माझ्या खिरीवर वाढलेली पोरं आज कोल्हापुरात कुठं कुठं मोठ्या जागी बसलेली आहेत, भेटली की पाया पडतात. लोकांना वाटतं, केवढं समाधान असेल! मी हो म्हणते, त्यांचं मन मोडायचं नाही म्हणून. पण खीर ढवळायला घेतली की मला अजून वाटतं, मी जर ते दूध आणलंच नसतं, तर तिच्या दुःखात एवढं तरी कमी असतं. बाई, हे यश म्हणून लिहू का मी?

बावड्याहून परतले त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखा डबा केला. वरच्या पुडात काय घालावं कळेना. शेवटी खीरच घातली. सकाळी एवढी आशा लावून मीच खायला लावली होती, संध्याकाळी पानं कुठल्या तोंडानं पाठवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडा डबा घेऊन परत आला. खालचे तिन्ही पूड घासूनपुसून लख्ख, आणि भाताच्या पुडात चिमूटभर साखर होती. एवढ्यातही रीत सोडली नव्हती पोरीनं. मग वरचा पूड उघडला. खीर तशीच होती, चमचाही लागलेला नव्हता.

बंडा उंबऱ्यात उभा होता. मोडक्या कानावर हात ठेवून म्हणाला, "वैनी, बाईंनी सांगितलंय, खीर नको. आजपासनं पानं द्या."

मी परड्यात गेले आणि मोगऱ्याची पानं तोडू लागले.